पवनेवरून न उठणारी फ्लाइंग बोट

ऑस्ट्रेलियातून आलेला ई-मेल चार ओळींचा होता. विमान पाण्यावरून फार लवकर सुटते. खऱ्या विमानाला पाणी सहज सोडत नसे. हे बेडकासारखे उडी मारते. तळाचा आकार चुकला असावा. दुसऱ्या गटाचा तळ घ्यावा, अशी माझी शिफारस आहे.

लिहिणारे निवृत्त वैमानिक होते. प्रवासी वाहतुकीतल्या अगदी शेवटच्या फ्लाइंग बोटींपैकी एकीवर त्यांनी तरुणपणी काम केले होते. त्यांच्या मतापुढे जाण्याचा प्रश्न नव्हता.

फ्लाइंग बोट म्हणजे पोटच होडीचे असलेले विमान. तिला चाके नसतात. ती पाण्यावर उतरते आणि पाण्यावरूनच उठते. धावपट्ट्या कमी होत्या त्या काळात अशी विमाने समुद्र आणि तलाव गाठत प्रवासी नेत असत. आता ती संग्रहालयांत आहेत. घरच्या संगणकावर विमान चालवण्याचा छंद असलेल्यांसाठी जुनी विमाने पुन्हा उभी करणारा एक गट आहे. त्याचे सभासद निरनिराळ्या देशांत राहतात. त्या गटाने चार इंजिनांची एक फ्लाइंग बोट आमच्याकडे सोपवली होती. आम्ही दोघे होतो. लोणावळ्यात राहणारी एक ड्राफ्ट्सवुमन आणि वराळ्यात राहणारा मी, वर्तमानपत्रातून निवृत्त झालेला उपसंपादक. विमानाचा आकार तिने काढायचा आणि वजन, इंजिनांची ताकद, हवेचा आणि पाण्याचा रोध हे आकडे मी भरायचे, अशी वाटणी होती.

तिने सतरा वर्षे तळेगावच्या एका कारखान्यात यंत्रभागांची ड्रॉइंग काढली. मग तिथला विभाग बंद झाला. या गटाच्या समन्वयकाने तिला कळवले होते की, तिचा तळ मान्य झाला तर पुढची चार विमाने तिच्याकडे येतील, तीही पगारी कामावर. तोवर दुसऱ्या एका गटानेही याच विमानाचा तळ तयार केला होता. निर्णय पंधरा दिवसांत व्हायचा होता. चार ओळींच्या त्या ई-मेलचा अर्थ तिच्यासाठी हा होता.

तिने फोन केला तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"काका, मी सगळी मापं परत तपासली. जुन्या ड्रॉइंगवर ड्रॉइंग ठेवून पाहिलं. केसाचाही फरक नाही."

"मग?"

"मग काय, ड्रॉइंग बरोबर आणि बोट बेडूक. तुमच्या आकड्यांत काही हललंय का?"

मी पाहून सांगतो म्हणालो. खरे तर पाहण्याची गरज नव्हती. एक आकडा मी बदलला होता आणि तो तिला सांगितला नव्हता. संपादकीय टेबलावर बातमीतली ओळ कापताना आम्ही बातमीदाराला विचारत नसू. ती सवय माझ्यासोबत घरी आली होती.

घडले ते असे. कोणतेही विमान तयार झाले की त्याचे पहिले उड्डाण आम्ही मावळावरून करतो. संगणकातल्या नकाशात लोहगड आहे, तिकोणा आहे, पवना धरणाचे पाणी आहे. फ्लाइंग बोट अर्थात पवनेच्या पाण्यावर ठेवली. ती उठली नाही. चारही इंजिने पूर्ण ताकदीने चालवली, पाण्याची लांबी संपली, समोर धरणाची भिंत आली, तरी ती पाण्यालाच धरून होती. दोन आठवडे मी हेच पाहिले. शेवटी पाण्याच्या रोधाचा आकडा कमी करत नेला. शंभराचा एकसष्ट केला तेव्हा ती उठली. मला ते दुरुस्तीसारखे वाटले. विमान उठायला हवे आणि ते उठले, एवढाच माझा हिशेब होता.

आता शंभर परत भरावे, तर विमान उठत नाही. एकसष्ट ठेवावे, तर बेडूक होतो. ई-मेल आल्यानंतरचे चार दिवस मी या दोन आकड्यांच्या मध्ये काढले.

पाचव्या दिवशी तिकोणा पेठेचे एक शेतकरी नव्या इंद्रायणी तांदळाचे पोते घेऊन आले. दर वर्षी तांदूळ मी त्यांच्याकडूनच घेतो. पावसाळा संपला की ते कामशेतला जीप चालवतात. पॅराग्लायडिंग करणाऱ्यांना डोंगरावर नेऊन सोडायचे आणि खाली उतरले की गोळा करायचे. पोते ठेवून ते पडद्याकडे पाहत उभे राहिले.

"ह्यो तिकोणा हाय का?"

"होय."

"मग माजं घर कुटंय?"

घर नव्हते. नकाशात त्या जागी नुसता हिरवा उतार होता.

"सगळी वाडी पुसली की तुमी," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "बरं, चालवा तुमची होडी."

मी शंभर आकडा भरून चालवली. ती भिंतीपर्यंत गेली आणि थांबली.

"भाऊ, खरा आकडा भरला की हेच होतं," मी म्हणालो.

त्यांनी पडद्यावरच्या काठाकडे बोट केले.

"झाडाची सावली पार बुडाशी गोळा झालीया. भर दुपार हाय न्हवं ही?"

"दोन वाजलेत. मे महिना आहे."

"वारं?"

"वारा नाही."

"आन् मान्सं?"

"पूर्ण भरलंय. सामानासकट."

"मग न्हाईच उठायची," ते म्हणाले. "मे म्हैन्यात दुपारी वारं पडलं की जाड गिऱ्हाईक आमी डोंगरावर नेतच न्हाई. पळून पळून मानसाचा दम जातो, पर छत्री काय उचलत न्हाई. हवाच पातळ हुतीया. त्यात आपन आधीच एवढं वर ऱ्हातो. येवढं शिकल्याली मान्सं तुमी, मे म्हैन्यात कशाला उडवताय?"

याचे उत्तर माझ्याकडे होते. मावळात पावसाळ्यात गड दिसत नाहीत. सुरुवातीलाच मी संगणकात मे महिन्याची निरभ्र दुपार लावून ठेवली होती, लोहगड स्वच्छ दिसावा म्हणून. ती पुन्हा कधी बदलली नाही. पवनेचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. उंचीची आणि उन्हाची अशी दुहेरी पातळ हवा, वारा शून्य, विमान काठोकाठ भरलेले. ही विमाने मुख्यतः समुद्रावरून उठत. त्या दुपारी पवनेवरून खरे विमानही उठले नसते. आमचे विमान पहिल्या दिवसापासून बरोबर वागत होते आणि मी त्याला चूक करायला शिकवले होते.

मी लगेच तिला फोन केला आणि आकड्याचे सांगितले.

"एकसष्ट?" ती म्हणाली.

"एकसष्ट."

"कधी बदललात?"

"दिवाळीच्या आधी."

"म्हणजे मी गेले चार दिवस माझीच ड्रॉइंग खोटी ठरवत बसले होते. येते मी. हात लावू नका कशाला."

तासाभरात ती स्कूटरवरून वराळ्याला पोहोचली. भाऊ अजून बसलेले होते. जीप थांबली तर थांबू दे, म्हणाले. तिने माझी खुर्ची घेतली. रोध शंभर केला. महिना डिसेंबर, वेळ सकाळी सात, समोरून हलका वारा, प्रवासी निम्मे. विमान पवनेवरून निघाले. पाण्याची पांढरी रेघ मागे लांबत गेली, तळ आधी वर चढला, मग तुटक तुटक टेकत राहिला आणि भिंतीच्या बऱ्याच अलीकडे सुटला. तिकोण्याला डावीकडे ठेवून ते वर गेले.

"आता कसं," भाऊ म्हणाले. "आता माज्या घरावरनं न्या."

तिने नेले.

पण परीक्षा इथे नव्हती. तिने विमान त्या वैमानिकांच्याच बंदरात, समुद्राच्या पातळीवर नेऊन ठेवले आणि पूर्ण भरले. विमानाच्या मूळ माहितीपुस्तिकेत पाणी सोडायला लागणारे सेकंद दिलेले आहेत. तिने मोबाइलवर स्टॉपवॉच लावले. पाच वेळा उड्डाण केले. पाचही वेळा पुस्तिकेतल्या वेळेपेक्षा एका सेकंदाहून जास्त फरक पडला नाही. तळाच्या ड्रॉइंगमधली एकही रेघ तिला हलवावी लागली नव्हती.

तिने समन्वयकाला आणि ऑस्ट्रेलियाला एकच पत्र लिहिले. चूक कोणाची, हे लिहायचे ती टाळत होती. ती ओळ मी सांगून लिहून घेतली: रोधाचा आकडा मी बदलला होता, तळाच्या आकाराचा त्याच्याशी संबंध नव्हता.

उत्तर तिसऱ्या दिवशी दुपारी आले तेव्हा मी लोणावळ्याला तिच्या घरी होतो. वैमानिकांनी या वेळी लांब लिहिले होते. पाणी सोडण्याच्या क्षणभर आधी त्या विमानाचे नाक किंचित खाली झुके आणि वैमानिकाचा हात आपोआप मागे ओढायला तयार होई, असे त्यांनी लिहिले होते. ही गोष्ट कोणत्याही पुस्तिकेत नाही आणि त्यांनी ती आम्हाला सांगितलेली नव्हती. काल संध्याकाळी माझा हात आपोआप मागे गेला, हे त्यांचे शेवटचे वाक्य. खाली समन्वयकाची ओळ होती: तळ मान्य, दुसऱ्या गटाने आपला मागे घेतला आहे, पुढची चार विमाने तुमच्याकडे.

तिने ते दोनदा वाचले. मग मोबाइल माझ्याकडे दिला आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

तिच्या सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय गं, काम मिळालं का?"

"मिळालं, आई."

"पगाराचं?"

"पगाराचं. विमानं बनवायची."

"अगंबाई. मग जायचं कुठं रोज?"

"कुठं नाही. इथंच. या टेबलावर."

सासूबाईंनी टेबलाकडे पाहिले. त्यावर धुतलेले कपडे घडी घालायचे राहिले होते. त्या उठल्या, कपडे उचलून पलंगावर ठेवले आणि पदराने टेबल पुसले.

"बस मग," त्या म्हणाल्या.