एका गाडीचे दोन ड्रायव्हर

ती शर्यत जूनमधल्या एका शनिवारी आपल्याकडे संध्याकाळ झाली की सुरू होते आणि रविवारी संध्याकाळी संपते. फ्रान्समधल्या कुठल्याशा गावाभोवती गाड्या चोवीस तास गोल फिरत राहतात. पाऊस आला तरी फिरतात, धुकं उतरलं तरी फिरतात. अमरावतीच्या घरात पंख्याखाली पडून मी ती दर वर्षी टीव्हीवर बघते. नवरा म्हणतो, "गोल तं हा पंखाबी फिरते, तोच पाहत बस ना!" म्हणू दे. त्या घुं घुं आवाजात मला अर्धवट झोप लागते. झोपेत चांदूर बाजारचा स्टँड दिसतो, संत्र्यांचा वास येतो, आणि आमची काळीपिवळी उभी असते. इंजिन चालू.

ती सवाऱ्यांची जीप बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा, पाळीपाळीनं चालवायचे. परतवाडा ते चांदूर बाजार. दुपारपर्यंत बाबा, पुढे मोठे बाबा. सेल्फ कधीचाच गेलेला, त्यामुळे पाळी बदलताना गाडी बंद करायची नाही. बाबा बुटके, मोठे बाबा ताडमाड. बाबा पाठीमागची उशी काखेत मारून उतरायचे आणि मोठे बाबा चढायचे.

मग माझं लग्न झालं आणि सगळं बिघडलं. मोठे बाबा त्या दिवशी सकाळपासून पाहुणे आणत होते. मांडवात मानाचे टोपी-दुपट्टे सुरू झाले, एकेकाला बोलावणं झालं, अन् सख्खा थोरला भाऊच राहून गेला. तो रस्त्यावर होता ना! बाबांच्या ध्यानात आलं तेव्हा टोप्या संपल्या होत्या. मोठे बाबा एवढंच म्हणाले, "डायवरले कोन टोपी देते?" तेव्हापासून दोघांचा अबोला. अकरा वर्षं!

पण पाळी एकदाही चुकली नाही हो. गाडीचं दुखणं सवारीच्या तोंडून कळवायचे, "त्याईले सांगा, क्लच सरकून राहिला." एकदा गाडीत कुणीच नव्हतं, तर बाबांनी चक्क बोनेटला सांगितलं, "बाई, तुहे बिरेक कमी लागून राहिले वो." शेजारीच उभे मोठे बाबा चढले आणि गाडी अगदी सावकाश हाकत निघाले. मला तेव्हा हसू यायचं. आता माझाच राग येतो. लग्न माझं होतं, एक टोपी मला बाजूला ठेवता आली नसती?

पुढे जीप भंगारात गेली आणि बाबा माझ्याकडे राहायला आले. यंदा शर्यतीच्या आदल्या दिवशी चुलतभावाचा फोन आला. मोठ्या बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन सोमवारी नागपूरला, रविवारी संध्याकाळी घरून निघणार, आणि डॉक्टर खात्री देत नाहीत. मी बाबांना म्हटलं, चला. "हाकलून देईन तो मले," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

रविवारी सकाळी शर्यत अर्ध्यावर आली होती. बाबा चहा घेऊन माझ्याजवळ बसले. पडद्यावर एक गाडी थांबली. आतला ड्रायव्हर पाठीमागचा आपल्या मापाचा साचा उचलून बाहेर आला, दुसरा आपला साचा घेऊन आत शिरला. बाबा एकदम पुढे सरकले.

"अवो, हे तं आपली उशी! अन् उतरलेला वाकून काय करून राहिला?"

"नव्याचा पट्टा आवळते, बाबा. अन् गाडी कशी चालून राहिली, ते त्याच्या कानात सांगते."

"दर पाळीले?"

"दर पाळीले."

बाबांचा चहा निवला. मी उगाच या शर्यतीचं जुन्या काळचं सांगत बसले. पूर्वी सगळे ड्रायव्हर रस्त्यापलीकडे उभे राहत, इशारा झाला की धावत येऊन गाडीत उड्या मारत. "सीट धराले लोकं पयतात तसे," बाबा म्हणाले. घाईत पट्टे कुणी नीट बांधत नसे, जीव जात. एका वर्षी एकजण मुद्दाम चालत गेला. सावकाश पट्टा बांधून सगळ्यांच्या मागून निघाला. चोवीस तासांनी तो आणि त्याचा जोडीदारच पहिले आले.

"एवढ्या उशिरा निघून?"

"हो."

"खोटं तं नाई बोलून राहिली?"

"आता बाबा, तुमच्याशी कायले खोटं बोलू!"

ते उठले. आपल्या पेटीच्या तळातून त्यांनी टोपी-दुपट्टा काढला. घडीवर पिवळी रेघ पडली होती. "तुह्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आणला होता," म्हणाले. मला रडूच कोसळलं.

परतवाड्याला मोठ्या बाबांच्या दारात मी गाडी थांबवली, तर बाबा म्हणाले, "बंद नको करू. हाकललं तं लगेच निघू." मी गाडी तशीच चालू ठेवून त्यांच्यामागे आत गेले.

मोठे बाबा खाटेवर बसले होते, निम्मे झालेले. बाबा उंबऱ्यातच थबकले आणि सवयीनं मला म्हणाले, "त्याले सांग..."

"मी नाई सांगत कोनाले काही!" मी फणकारले. "तोंडं आहेत ना दोघायले?"

बाहेरून इंजिनाची घुं घुं ऐकू येत होती. बाबा हळूहळू चालत खाटेपर्यंत गेले. त्यांनी भावाच्या डोक्यावर टोपी ठेवली, गळ्यात दुपट्टा घातला.

"दादा, चुकलो मी."

मोठ्या बाबांनी टोपी चाचपून सरळ केली. मग खाटेवर जरा सरकून जागा केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"जाय पोरी," म्हणाले, "गाडी बंद करून ये."