दातवाल्यांचं घर विकायचं आहे

घर विकणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. बाकीचे नुसते सल्ले द्यायला पुढे. दातवाल्या काकांना विचारा. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागची लांबुडकी कामाची खोली असं त्यांचं घर विकायला काढून अकरा महिने झाले. त्या अकरा महिन्यांत काकांच्या पदरात पडलं काय, तर एजंटची बोलणी आणि जिन्याची चढउतार.

दातवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चाळीस वर्षं काकांनी दात बनवले. डॉक्टर नव्हेत हो! डॉक्टर माणसाच्या जबड्याचं माप घ्यायचे, ते माप डब्यातून काकांकडे यायचं. मग काका मागच्या खोलीत बसून प्लास्टरचा साचा ओतायचे, मेणात दात उभे करायचे, भट्टीत भाजायचे, घासूनपुसून डब्यातून परत पाठवायचे. डब्यावर नाव नसायचं, नंबर असायचा. हजारो माणसं काकांच्या दातांनी जेवली, हसली, एकमेकांवर दातओठ खात भांडली, पण त्यातलं एकही माणूस काकांनी डोळ्यांनी पाहिलं नाही. काकू होत्या तोवर त्याचं काही वाटलं नाही. दिवसभर तोंड चालू असणारं एक माणूस घरात असलं की पुरतं. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि घर इतकं गप्प झालं की काका रेडिओ लावून ठेवायला लागले. पुढे पुढे तर रेडिओशीच वाद घालायला लागले.

मग लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या गावात, नवरा आणि नोकरी सांभाळून. म्हणाली, "बाबा, आमच्या समोरचं घर विकायला निघालंय. अगदी दाराला दार. तुमचं विका आणि इकडे या." समोरच्या घराचा मालक भला माणूस, थांबायला तयार होता. झालं! काकांना काय, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. त्यांनी त्याच दिवशी एजंट गाठला. त्या समोरच्या घराचा फोटोही मागवून घेतला. फोटोत नुसतं एक तपकिरी दार होतं, पण काका ते दार दिवसातून दहादा बघायचे. आपण हाक मारली तर लेकीला ऐकू जाईल का, किती पावलं पडतील, याचा हिशेब चालायचा. माणसाला म्हातारपणी आणखी काय लागतं हो?

एजंट तिशीचा, चुणचुणीत, बुटांचा टकटक आवाज करत चालणारा. पहिल्याच दिवशी त्यानं मागच्या खोलीचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे आला. तिथे फळ्यांवर छतापर्यंत पांढरे जबडे मांडलेले होते.

"काका, हे काय?"

"माझी गिऱ्हाइकं."

"ही गिऱ्हाइकं असली तर दुसरं गिऱ्हाईक फिरकायचं नाही. काढा सगळं."

काढलं. पोत्यात भरून, दोन-दोन पोती करत, आठवडाभर काका जबडे खाली नेऊन टाकत होते. कुठला साचा कुठल्या वर्षीचा ते हात लावताच आठवायचं, पण ते ऐकायला होतं कोण? कचऱ्याच्या गाडीवाल्याला त्यांनी एकदा सांगायला घेतलं, तर तो म्हणाला, "आजोबा, मागे व्हा, गाडी मागे येतेय."

मग माणसं यायला लागली आणि काकांची खरी खोड बाहेर आली. घर बघायला येणारं माणूस म्हणजे काकांना पाहुणा! चहा ठेवायचे, खुर्ची पुढे करायचे. आणि माणूस जरा जास्त वेळ बसावं म्हणून बोलत सुटायचे. बोलायचं काय, तर घराविषयीच. आणि काका पडले सरळ माणूस. "ही भिंत पावसात थोडी ओलावते हं." "सकाळी सातला नळाची धार बारीक होते, तेवढी बादली आधी भरून ठेवायची." "वरच्या मजल्यावरचे गृहस्थ तबला शिकताहेत, पण अजून यायचाय." पाहुणे चहा प्यायचे, हसायचे आणि जाताना म्हणायचे, "बघून कळवतो." कळवलं कुणीच नाही.

एजंटनं कपाळावर हात मारला. "काका, तुम्ही घर विकताय की घराची तक्रार नोंदवताय? यापुढे कोणी आलं की तुम्ही खाली जाऊन बसायचं. आणि असायची वेळ आलीच, तर तोंड उघडायचं नाही."

तेव्हापासून काका खाली फाटकाशेजारच्या बाकावर बसायचे. वर आपल्याच घराच्या खिडकीत परकी डोकी हलताना दिसायची. कुणीतरी खिडकी उघडून बंद करून बघायचं. कडी वर उचलल्याशिवाय ती लागत नाही, हे सांगायला काकांची जीभ वळवळायची, पण शब्द दिला होता. माणसं खाली उतरायची आणि बाकावरच्या म्हाताऱ्याकडे न बघता निघून जायची.

एकाचं जुळत आलं, तर बँकेनं कर्ज नाकारलं. दुसऱ्याचं जुळत आलं, तर कागद अडला. घर दोघांच्या नावावर. काकू गेल्यावर लेकीचं सहीचं ना हरकत पत्र हवं होतं. ते यायला नऊ आठवडे लागले. आधी ऑफिसात गडबड होती, मग प्रिंटर बिघडला, मग कुरियरवाला आला तेव्हा ती घरी नव्हती. पत्र आलं तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे घर घेऊन मोकळं. काका एजंटला म्हणाले, "पोर फार कामात असते हो." आणि दर रविवारी फोनवर विचारायचे, "समोरचं अजून आहे ना गं?"

"आहे हो बाबा."

"मालकाला सांग, धीर धर म्हणावं."

"सांगते."

अकराव्या महिन्यात एक जोडपं आलं. त्यांना घर आवडलं. मागची खोली तर फारच आवडली, कारण त्यातल्या मुलीला शिवणाचं काम घरून करायचं होतं. दुसऱ्या खेपेला ती दोघं तिच्या सासूबाईंना घेऊन आली, विसार ठरवायलाच. आता मालक हजर हवा. एजंटनं काकांना दारातच बजावलं, "फक्त हो म्हणा."

काका हो म्हणत होते. पंधरा मिनिटं नुसतं हो. मग नवऱ्यानं काहीतरी थट्टा केली आणि ती मुलगी मनापासून हसली. काका खुर्चीत पुढे सरकले.

वरचे समोरचे दोन दात. डावा किंचित उजव्यावर चढलेला. कडेला केसासारखी एक तपकिरी रेघ. अहो, ती रेघ काकांनी स्वतः ओढली होती! अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मापाबरोबर तिच्या आधीच्या हसण्याचा, नुसत्या ओठांपुरता एक फोटो पाठवला होता. मुलगी एकोणीस वर्षांची, तिला पहिल्यासारखेच वाकडे दात हवेत, सरळ नकोत. काकांनी तीनदा केले आणि तीनदा मोडले. चौथ्यांदा जमले, तेव्हा काकूंना हाक मारून दाखवले होते.

"अरेच्चा!" काका ओरडले. "हे तर माझे!"

"काय तुमचे?" नवऱ्यानं विचारलं.

"दात! वरचे दोन. मीच केलेत. बघा, कुणाला कळेल का खोटे आहेत म्हणून?"

मुलीनं ओठ मिटले ते मिटलेच. नवरा तिच्याकडे बघत होता, सासूबाई जमिनीकडे. काकांचा बोलण्याच्या भरात पुढे झालेला हात तसाच हवेत राहिला. पाचव्या मिनिटाला तिघंही जिना उतरत होती. "कळवतो," नवरा म्हणाला.

एजंट ओरडलासुद्धा नाही. फाइल बंद करून म्हणाला, "काका, आता मला जमायचं नाही." आणि गेला. काका स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. पाच कप विसळायचे होते. एक विसळला आणि त्यांना रडू आलं. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. एका पोरीनं अकरा वर्षं जपलेली गोष्ट आपण चहाच्या कपाबरोबर सगळ्यांना वाटली. आणि वर शाबासकीची वाट बघितली!

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात ती मुलगी, एकटी.

"तुम्हाला काय अधिकार होता?" तिनं दारातूनच विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "मुळीच नाही. चाळीस वर्षं दात केले, पण माझे दात हसताना काल पहिल्यांदा पाहिले. जीभ ताब्यात राहिली नाही. माफ कर, बाळ."

ती आत येऊन बसली. मी जिन्यावरून पडले होते, त्यात दात गेले, म्हणाली. लग्न ठरताना सांगायचं राहून गेलं, आणि राहिलेली गोष्ट दर वर्षी जास्तच अवघड होत गेली. काल घरी जाईपर्यंत ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"आणि मग?"

"मग सासूबाईंनी स्वतःची कवळी काढून ताटलीत ठेवली. म्हणाल्या, तुझे दोनच, माझे बघ, सगळेच. अन् ह्यांना हसू आवरेना." आता तीही हसत होती. "काका, घर आम्ही घेतोय. हे मी एजंटच्या आधी तुम्हाला सांगायला आले."

ती तासभर बसली. काकांनी तिला ओलावणारी भिंत दाखवली, सातच्या बादलीचं सांगितलं, कडी उचलून खिडकी कशी लावायची तेही शिकवलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. काकू गेल्यापासून इतका चांगला तास काकांच्या वाट्याला आला नव्हता.

पुढचं सगळं भराभर झालं. एजंट हसत परत आला. पंधरा दिवसांत नोंदणी कचेरीत सह्या झाल्या, महिन्यानं ताबा द्यायचं ठरलं. काका कचेरीच्या पायरीवर आले आणि तिथूनच लेकीला फोन लावला.

"झालं गं! विकलं! मालकाला सांग, येतोय म्हणावं."

"ऐकतेस ना?" काका म्हणाले.

"बाबा, समोरचं गेलं."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

"अगं, रविवारी तर म्हणालीस..."

"म्हणाले. तुम्ही इतके आशेवर होता, तोंडातून निघेना." तिचा आवाज चिरकला. "मालकानं मला विचारलं होतं, थांबू का म्हणून. मीच म्हटलं, बाबांचं काही नक्की नाही, तुम्ही बघा दुसरं. मला धास्ती वाटायला लागली होती, बाबा. रोज, दाराला दार. तुम्हाला बोलायला कुणीतरी लागतं, आणि मी घरी येते तेव्हा माझ्यात बोलायचंसुद्धा त्राण नसतं. तुम्हाला कसं सांगायचं हे? ते पत्रसुद्धा माझ्याच्यानं पाठववेना."

काका पायरीवर बसले. लोक त्यांना वळसा घालून जात होते. पोर पलीकडे रडत होती, आणि पोरीला रडत ठेवणं काही त्यांच्याच्यानं होईना.

"अगं, त्यात काय रडायचं?" ते म्हणाले. "दात फार घट्ट चिकटवून बसवले की हिरडी सुजते. मी कितीदा डॉक्टरांना सांगितलंय, जरा जागा सोडा म्हणून. बरोबरच केलंस तू. फक्त मला आधी सांगायचंस."

"आपण बघू ना बाबा, इकडेच कुठेतरी, जरा पलीकडे. मी बघून कळवते."

"हो, कळव," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. बघून कळवायचं हे वाक्य ते अकरा महिने ऐकत आले होते.

एजंट फाइल काखेत मारून बाहेर आला. त्याला समोरच्या घराचं ठाऊक होतंच, काकांनी त्याला तो दाराचा फोटो वीसदा तरी दाखवला होता. "मग काका, आता लेकीकडे!"

"ते नाही जमलं. भाड्याचं बघ एखादं. महिन्यात."

एजंटनं क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. शेवटी धंद्याचा माणूस. पायरीवर शेजारी बसून त्यानं नवा कागद काढला.

"खोल्या किती?"

"एक पुरे."

"मजला?"

"तळमजला बघ. जिना आता नको."

"आणि कुणाच्या जवळ हवं? लोक सांगतात ना, भावाच्या जवळ, मित्राच्या जवळ. म्हणजे त्या बाजूला बघायला बरं."

ज्या म्हाताऱ्याला गप्प बसवता बसवता एजंटच्या नाकी नऊ आले होते, तो म्हातारा रस्त्याकडे बघत बसून राहिला. एजंटनं पेन धरून बराच वेळ वाट पाहिली. मग तो रकाना मोकळाच सोडून त्यानं हळूच पुढचा प्रश्न विचारला.