हरवलेलं हत्तीचं पिल्लू

आज सुनेने ज्वारीच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घातला आणि त्या वासाने मला अंबडच्या घरात नेऊन बसवलं. माझ्या धाकट्या भावाला, गणूला देवी आल्या होत्या. उशाशी निंबाचे डहाळे होते. देवी आलेल्या घरात बाहेरच्याने पाऊल टाकायचं नसतं, म्हणून शेजारच्या खालांनी भिंतीवरूनच एक चित्रांचं पुस्तक दिलं होतं.

पुस्तक उर्दू होतं. आईला ते वाचता येईना; ती चित्रं बघून गोष्ट सांगायची. आधी पिल्लू हत्तिणीला बिलगलेलं, मग नदी, मग वाघ आणि शेवटच्या पानावर पिल्लू रानात एकटंच रडतंय.

"मंग त्याची माय सापडली का?" गणू विचारायचा.

"न्हाई रे राजा. पुस्तकच सरलं."

"पुन्हा वाच. आता सापडंल."

आई पुन्हा वाचायची, पिल्लू पुन्हा हरवायचं. असंच ऐकता ऐकता एका दुपारी गणूने विचारलं नाही.

तेरावं झाल्यावर खाला भेटायला आल्या. कोनाड्यातलं पुस्तक त्यांनी हातात घेतलं आणि उर्दू पुस्तक उघडतात तसं उजवीकडून उघडलं. एकटं पिल्लू, वाघ, नदी आणि शेवटी हत्तीण.

"बच्चे को पसंद आयी होगी," त्या हळूच म्हणाल्या, "आखिर में माँ मिल जाती ना."

आईने पुस्तक हातात घेतलं आणि उजवीकडून एकेक पान उलटून पाहिलं.

पुढे माझ्या मुलांनी कितीही हट्ट केला, तरी तिने त्यांना एकही गोष्ट सांगितली नाही. ती गोष्टी विसरली, असं मला तेव्हा वाटायचं.