वेलिका मावशीची जर्मन बरणी

आमच्या शेजारच्या वेलिका मावशीच्या घरात चाळीस हजार जर्मन मार्क दडवलेले आहेत आणि ते तिच्या नवऱ्याने, म्हणजे लोझानकाकाने, रेल्वेचं डिझेल चोरून विकून जमवलेले आहेत, हे या वसंतात आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बातमी खोटी. अगदी छातीठोकपणे सांगते, कारण त्या चाळीस हजारांतले निदान वीस हजार माझ्याच तोंडून निघाले होते, आणि डिझेल तर सगळंच्या सगळं माझं.

हे मी हसत लिहायला घेतलं होतं. माझी सवयच तशी. पण पुढे पुढे हात जड होतो, तेव्हा सांभाळून घ्या.

वेलिका मावशी शहात्तर वर्षांची. तीस वर्षं तिने रेल्वेच्या फाटकावर काढली. दांडा खाली, दांडा वर. गाडी येवो न येवो, ही तिथे ताठ उभी. आजही रस्त्याने चालते ती कोणीतरी शिट्टी वाजवणार असल्यासारखी. कुणाकडे मूठभर मीठ मागायला कधी गेली नाही, आणि आपण तिच्याकडे मागायला गेलो तर द्यायची, पण असं बघायची की पुढच्या वेळी अळणी खाल्लेलं बरं वाटावं. लोझानकाका रेल्वेच्याच डिझेलच्या गोदामावर कारकून होता. गरीब माणूस. बोलायचा कमी, खोकायचा जास्त.

आमच्याकडे म्हातारी माणसं मरणाचं गाठोडं बांधून ठेवतात. त्यात नवा पोशाख, न घातलेले बूट, मोजे, मेणबत्ती, खांदेकऱ्यांना द्यायचे टॉवेल आणि मातीच्या खर्चाचे रोख पैसे असतात. बँकेत नाही ठेवायचे. बँक बुडताना आम्ही डोळ्यांनी पाहिल्यात. आणि लेकरांच्या पैशाने पुरलं जाण्यासारखी नामुष्की नाही. म्हणून कुणाच्या पिठाच्या डब्यात, कुणाच्या देवाच्या तसबिरीमागे, कुणाच्या बंद पडलेल्या चुलीत ते पैसे असतातच. दुपारी बाकावर बसलेल्या बायका सुनांचा विषय संपला की एकमेकींना विचारतात, "तुझं ठेवलेलं आहे ना गं?" किती ते कुणी विचारत नाही. आहे की नाही, एवढंच.

वेलिका मावशीचं उत्तर ठरलेलं. "आहे. आणि जर्मन आहे."

कारण त्याण्णव साली त्यांनी दोन गाई आणि नदीकाठचा द्राक्षमळा विकला होता. लोझानकाका ते पैसे घेऊन व्रात्सा शहराच्या बस अड्ड्यावर गेला आणि तिथे कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या दलालांकडून मार्क घेऊन आला. घरी येऊन नोटांची गुंडाळी बरणीत घातली, मिरच्यांच्या बरण्यांना बसवतो तसं पत्र्याचं झाकण यंत्राने आवळून बसवलं, आणि बरणी तळघरात नेऊन ठेवली. बायकोला म्हणाला, "हे तुझ्या मरणाचं. माझं रेल्वे बघेल. मरणाचा पैसा मरेपर्यंत उघडायचा नाही, उघडला की मरण आत डोकावतं." बायकोने ऐकलं. रेल्वेच्या फाटकावर नियम पाळणारी बाई, तिला नियम सांगितला की संपलं.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात सकाळचा पाव संध्याकाळी दुप्पट झाला, आमच्या सगळ्यांच्या गाठोड्यातल्या पैशात एक बूट आला असता, तोही डावा. बायका बाकावर बसून रडल्या. वेलिका मावशी मात्र लोकर विणत म्हणाली, "आमचं जर्मन आहे." हे वाक्य गावाने तिला कधी माफ केलं नाही. मी तर मुळीच नाही. माझी आई त्या बाकावर रडत होती.

पुढच्या वर्षी लोझानकाका गेला. पेटी पातळ फळ्यांची, टॉवेल स्वस्तातले. रेल्वेने दिलं तेवढ्यात उरकलं. गाव म्हणालं, कंजूस बघा, बायकोसाठी मार्क साठवतो आणि स्वतः खोक्यात जातो. मीही म्हणाले. तेव्हा मी पंचविशीची होते, पण जीभ आतासारखीच होती.

आता या जानेवारीत आमचं जुनं चलन, लेव, गेलं आणि युरो आला. पैसे बदलून द्यायला दर मंगळवारी पोस्टाची गाडी चौकात येऊ लागली. फुकट बदलायची मुदत जूनअखेरपर्यंत. त्या गाडीने आमच्या गावाच्या पोटातलं जेवढं बाहेर काढलं तेवढं पाद्रीबाबांना चाळीस वर्षांत जमलं नव्हतं. कारण रांगेत उभं राहून सगळ्यांदेखत पिशवी उघडावी लागते. सरकारकडून सरपणाची मदत घेणाऱ्या एकाने नोटांनी अशी फुगलेली उशी आणली की रांग पाठ फिरवून हसली. मी स्वतः पिठाच्या डब्यातले सहाशे लेव घेऊन गेले, नवऱ्याला न सांगता. मागे वळून बघते तो चार माणसं सोडून नवराच, आमचा त्सान्को, उभा, हातात जुना बूट.

"तू इथं काय करतेस?" त्याने विचारलं.

"पीठ बदलायला आले. तू बूट बदलायला आलास वाटतं."

बुटात साडेआठशे निघाले. आठवडाभर आम्ही एकमेकांशी फार आदराने बोललो.

सगळं गाव त्या गाडीपाशी येऊन गेलं. वेलिका मावशी तेवढी आली नाही. बाकावर बसायचीही बंद झाली. कुणी विचारलं, "मावशी, तुझं ठेवलेलं?" तर "आहे," म्हणायची आणि पुढे चालू लागायची. जर्मन हा शब्द गळाला होता. माझ्या कानाने तो हेरला आणि डोक्याने त्याचा भलताच अर्थ लावला. मी म्हटलं, "इतके आहेत की दाखवायची भीती वाटते." गावाने आधी धरलेल्या तीन हजारांचे दहा झाले, दहाचे वीस, वीसचे चाळीस. मग कुणीतरी विचारलं, दोन गाईंत एवढे कसे? आता गप्प बसावं की नाही? मी म्हटलं, "लोझानकाका डिझेलच्या गोदामात काय प्रार्थना म्हणायचा?" रांग अशी खदखदून हसली की मला वाटलं, आजचा मंगळवार कारणी लागला.

पोस्टाच्या गाडीवरची इस्क्रा भली पोरगी. ती म्हणाली, "मार्क मी बदलून देऊ शकत नाही. पण जर्मनीच्या बँकेत ते अजून चालतात. आजीला अर्ज भरायला मी मदत करीन."

जूनचा शेवटचा मंगळवार होता. मी म्हटलं, "चल, मी नेते तुला." उपकार करायला निघाले होते असं म्हणायला जागा होती, आणि अजूनही कधीकधी मी तसं स्वतःला सांगून बघते. पण मागे सात-आठ बायका येत होत्या आणि मी त्यांना येऊ दिलं. वाटेत एकीकडून ढकलगाडी मागून घेतली आणि ती ढकलत मावशीच्या अंगणाच्या फाटकाशी गेले.

"वेलिका मावशी!" मी ओरडले. "इस्क्रा आलीय. बरण्या बाहेर काढ, गाडी आणलीय मी वाहायला!"

दार बंदच. मागे बायका फिदीफिदी. मला आणखी चेव आला. मी जरा हळू, पण ऐकू जाईल इतपतच हळू म्हटलं, "डिझेलचा वास सुटेल म्हणून काढत नसेल."

दार उघडलं. मावशी दारातच उभी होती. बहुतेक पहिल्यापासून.

"काय म्हणालीस?"

"थट्टा गं मावशी."

"थट्टा कशाची केलीस, तेवढं सांग."

मी वाकून ढकलगाडीचं चाक तपासलं. बाकीच्या बायका अचानक तिच्या गुलाबाकडे बघू लागल्या. मग त्यातलीच एक, बहुधा मनात काही नसताना, म्हणाली, "लोक म्हणतात, लोझानने रेल्वेचं डिझेल विकलं."

मावशी आत गेली. आम्हाला वाटलं, आता येत नाही. पण ती आली, हातात बरणी. झाकण आधीच निघालेलं होतं. जानेवारीतच, सगळ्या गावाने आपापले डबे उघडले तेव्हा, तिनेही उघडली होती आणि पुन्हा तशीच ठेवली होती. अंगणातल्या बाकावर तिने गुंडाळी ठेवली आणि इस्क्राला म्हणाली, "सोड, पोरी. सगळ्यांना दिसेल असं."

इस्क्राने दोरा सोडला. वर शंभर मार्कांची नोट होती, खरी. तिच्या आत वर्तमानपत्राचे कागद, नोटेएवढे नेमके कापलेले. त्या कागदांच्या आत आणखी कागद. एकावर फुटबॉलचे निकाल होते, एकावर कुणाच्या तरी मृत्यूची बातमी. शेवटपर्यंत कागदच.

बस अड्ड्यावरच्या दलालांची ही हातचलाखी तेव्हा सगळ्या मुलखाला माहीत होती. वरची नोट दाखवायची, गुंडाळी हातात कोंबायची आणि "पोलीस आले!" म्हणून पळायचं. दोन गाई आणि एक द्राक्षमळा असा गेला होता.

"हा दोरा बघा," मावशी म्हणाली. लाल लोकरीचा होता. "दलाल रबर लावतात. ही माझी लोकर आहे, त्या हिवाळ्यात मी लोझानला हातमोजे विणले त्यातली. म्हणजे घरी आल्यावर त्याने गुंडाळी उघडली होती. बघितलं होतं. परत गुंडाळली, माझ्या लोकरीने बांधली, वर झाकण आवळलं. आणि मला म्हणाला, मरेपर्यंत उघडू नकोस." तिने तो दोरा बोटाभोवती गुंडाळला. "पाच वर्षं तो माझ्याशेजारी झोपला आणि त्याला हे सांगायची लाज वाटली. मला ती लाज त्याच्यासाठी सांभाळायची होती. पण तुम्ही त्याला चोर म्हणायला लागलात. चोर नव्हता तो. फसला होता. आता हसायचं ते यावर हसा."

मागे एकीने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. मला काहीतरी बोलायचं होतं, माझ्याकडे नेहमी काहीतरी असतं.  ढकलगाडीचा दांडा हातात तसाच होता. मला ती पातळ फळ्यांची पेटी आठवली. माणूस स्वतःच्या मरणात काटकसर करून गेला, आणि आम्ही त्याला कंजूस म्हणालो. इस्क्राने कागद एकेक करून परत गुंडाळले, ती लाल लोकर बांधली आणि दोन्ही हातांनी मावशीला दिले. बायका एकेक करून निघाल्या. सगळ्यांत शेवटी मी, रिकामी गाडी ढकलत. ती इतकी खडखडली की वाटेतल्या प्रत्येक घरातून कुणीतरी डोकावलं.

चार दिवस मी कुंपणाकडे गेले नाही. त्सान्को म्हणाला, "आजारी आहेस का? घरात आवाज नाही." पाचव्या दिवशी भोपळ्याची गोड पोळी भाजली आणि घेऊन गेले. मावशी दारात बसून बिया निवडत होती. मी ताटली बाकावर ठेवली आणि म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. डिझेल मीच काढलं. चाळीस हजारही माझेच. तुझ्या गाठोड्यात काही नाही हे मला ठाऊक असतं तर..."

"तर काय? तर बावीसच हजार म्हणाली असतीस?"

मी ताटली तिच्याकडे सरकवली. तिने पोळीचा तुकडा मोडला, चावला, आणि फाटकावर गाडी दिसल्यासारखी ताठ होऊन माझ्याकडे बघत म्हणाली,

"चाळीस हजार तू सांगितलेस ना, रुस्के? मग ते माझ्या मातीला तूच घेऊन ये. आणि आणताना मोजून घे. नुसती वरची नोट बघू नकोस."