ओजस्विनीचं ‘खाली’

खेळायला बसण्याआधी ओजस्विनी हात कोमट पाण्यात बुडवते. उजव्या हातातलं कडं काढून खिशात टाकते. नेम चुकला की जीभ चावते, लागला की गप्प राहते. समोरचा खेळाडू मेला की हळूच ‘सॉरी हं’ म्हणते. आणि घाबरली की हिंदी विसरते.

ही शेवटची सवय फक्त प्रसन्नला ठाऊक होती, आणि त्याचं त्याला कोण अप्रूप.

ती मूळची अमरावतीची. वडिलांची बदली झाली म्हणून चंदीगडला आली, इथेच शिकली, आयटी पार्कात नोकरीला लागली. सुट्टीच्या दिवशी हरमनच्या टीममधून बंदुकांचा ऑनलाइन खेळ खेळायची. सेक्टर एकोणचाळीसच्या क्वार्टर्समध्ये तिच्या शेजारी राहणारा प्रसन्न साहित्य घेऊन पदवीधर झालेला. खेळातलं त्याला ओ की ठो कळत नसे, तरी तिचा खेळ थेट दाखवणारं तिचं स्ट्रीम तो चुकवत नसे. स्पर्धेच्या मुख्य प्रक्षेपणात कॉमेंटेटर ओरडत असतात आणि कॅमेरा एकाकडून दुसऱ्याकडे पळत असतो. तिच्या स्ट्रीमवर तिला दिसतं तेवढंच दिसायचं. आणि तिचा आवाज. वाईट एवढंच, की त्या आवाजात सारखा हरमन असायचा. ‘हरमन, पक्का?’ ‘हरमन, रुक यार.’ प्रसन्नच्या पोटात दुखायचं.

फायनलच्या दिवशी प्रसन्नच्या बाबांनी टीव्हीवर प्रक्षेपण लावलं. प्रसन्न आपल्या खोलीत स्ट्रीम बघत होता. स्ट्रीम जरा उशिरा यायचं.

“हरली रे तुझी ओजू,” बाबा बाहेरून म्हणाले.

प्रसन्नच्या स्क्रीनवर ती अजून जिवंत होती, वरच्या मजल्याच्या खिडकीत. जिन्यातून हरमन विचारत होता, उतरू का. तळमजल्यावर समोरच्या टीमचे दोघं दबा धरून बसलेले तिला दिसले.

“खाली! खाली!” ती किंचाळली.

हरमन निर्धास्त उतरला आणि मेला. मागोमाग तीही.

कॉमेंटेटर म्हणाले, हरमनला घाई नडली. हरमन म्हणाला, हिनेच सांगितलं खाली है म्हणून. ती शपथेवर म्हणत होती, मी ‘नीचे’च म्हटलं. प्रक्षेपणात टीमचं आपसातलं बोलणं नव्हतंच. शेवटी टीमने तिला काढायचं ठरवलं.

तिचं स्ट्रीम संपलं की पुसलं जायचं, पण प्रसन्न ते नेहमी रेकॉर्ड करून ठेवायचा. त्याने तेवढा तुकडा पुन्हा ऐकला. मराठीतलं खाली म्हणजे नीचे. हिंदीतलं खाली म्हणजे रिकामं. त्याला आतून गुदगुल्या झाल्या. आपण गप्प बसलो की हरमनचा विषय संपला.

दुसऱ्या दिवशी ती सुजलेल्या डोळ्यांनी आली. प्रसन्नच्या आईने पुढ्यात मटारच्या शेंगा ठेवल्या, म्हणाली, सोल जरा, बरं वाटेल. गच्चीतल्या उन्हात ती डोळे पुसत सोलत बसली. ते त्याच्याने बघवेना. शिवाय हा विनोद त्या दोघांचाच होता. हरमनला तो जन्मात कळला नसता. त्याने तो तुकडा लावून मोबाइल तिच्यापुढे धरला.

“अगं बाई, मी खाली म्हणाले?”

ती हसत सुटली. तोही हसला. किती दिवसांनी दोघंच हसत होते. मग तिने त्याच्याच हातातून मोबाइल घेतला आणि तो तुकडा हरमनला पाठवून दिला.

हरमनचा लगेच फोन आला. आधी नुसतं हसू, मग माफी.

“ओजू, आज से सबको मराठी सिखा दे यार.”

ओजू. हे तर घरातलं नाव.

ती उठली, ओढणी झटकली. “येते रे. वर, खाली, मागे, सगळं आजच घोटून घेते त्याच्याकडून.”

“‘मागे’ नीट शिकव. नाहीतर काहीतरी मागत बसेल.”

“जळतोस?”

उत्तराला न थांबता ती जिना उतरली.

ताटात मूठभर दाणे होते. बाकीच्या शेंगा तशाच पडलेल्या. एक तर तिने उघडून ठेवली होती, दाणे आतच.