चार खोल्या आणि एक बाव

देवबागेत घरामागच्या माडांत आम्ही पहिल्या दोन खोल्या बांधल्या, त्या नवऱ्याचा होडीतला अर्धा वाटा विकून. कल्पना माझी. नवरा म्हणाला होता, "होडी डोळ्यांका दिसता तरी. खोलयेत रवाक कोण येतलो?" मी म्हटलं, "येणारे येतले. तुमी चिरे आणा." माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्खी वाडी जाणते.

पण होडी गेली म्हणजे माघारीची वाटही गेली. खोल्या चालल्या नाहीत तर नवऱ्याला दुसऱ्याच्या होडीवर जाळी ओढायला जावं लागणार, आणि हा माणूस कुणाच्या हाताखाली एक दिवस टिकणारा नव्हे. म्हणून मी हट्टाला पेटले. निवास-न्याहारीची पाटी लावली, पांढऱ्या चादरी आणल्या, भाचीकडून फोटो काढून बुकिंगच्या साईटवर टाकले. पहिल्या वर्षी जे मिळालं त्यातून साडी नाही की सोनं नाही, थेट आणखी दोन खोल्यांचा पाया घातला. नवऱ्याने कपाळावर हात मारला. चारही खोल्या दिवाळीत भरल्या तेव्हा मात्र तोच वाडीभर सांगत फिरला.

आमची आणि शेजारच्या काकींची विहीर एकच. आमच्याकडे तिला बाव म्हणतात. आणखी दोन घरं त्याच बावीवर. काकी म्हणजे नवऱ्याची चुलती, ऐंशीच्या घरातली, एकटी राहणारी. एकुलती लेक कुडाळला दिलेली. बावीचा एक नियम होता: दिवेलागणीनंतर तिच्यात कळशी सोडायची नाही. "बाव निजता," असं म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो पाळला होता, पण चार खोल्यांना कळशी कुठे पुरणार? मी मोटर बसवली. टाकी रिकामी झाली की आपोआप चालू व्हायची, त्यामुळे रात्रभर भरत राहायची.

काकी एकदा कुंपणाशी आल्या. "गो, तिका जरा झोपाक दी."

मी हसून म्हटलं, "काकीनू, बाव काय बाळंतीण आसा?"

पाहुण्यांसमोर म्हटलं, पाहुणेही हसले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मे महिन्यात पुण्याकडची दोन कुटुंबं आली. दहा माणसं, आठ दिवस, चारही खोल्या. समुद्रातून आली की न्हायची, जेवायच्या आधी न्हायची, झोपायच्या आधी पुन्हा न्हायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मी घावन घालत होते, तेव्हा काकी पेजेची वाटी घेऊन चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"चाख," म्हणाल्या.

मी घोट घेतला. "मीठ जास्ती पडला काय?"

"मीठ घालूक नाय."

तव्यावरचं घावन करपलं तरी मला कळलं नाही.

नवऱ्याने कळशीभर पाणी काढलं, तोंडात घेतलं आणि थुंकला. आमची वाडी म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टी. त्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगून असतं. बेतानं काढलं तर राहतं, उपसत सुटलं की खालून खारं वर येतं. रात्री पाणी काढायचं नाही ते एवढ्यासाठीच. रात्रभरात गोडं पुन्हा साचायला हवं. एवढी साधी गोष्ट. मला कुणी समजावून सांगितली नाही, आणि मी विचारली नाही.

"मोटर बंद कर," नवरा म्हणाला.

"आणि धा माणसांका कशान न्हाऊ घालू? तुमच्या घामान?"

"टँकर सांगतंय. उद्या येतलो."

तोवर बाकीच्या दोन घरची माणसंही बावीवर जमली होती. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते, त्यात माझा हात कोण धरणार! सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मी सगळ्यांसमोर बटण बंद केलं आणि म्हटलं, "टँकर येयपर्यंत मोटर लावूचंय नाय. तुळशीची आण."

दुपारी जेवून वाडी निजली. पाहुणे नखशिखांत वाळू माखून परत आले. पाच मिनिटांत त्यांच्यातली मोठी बाई टॉवेल घेऊन दारात. "ताई, नळाला पाणी नाही. मुलांच्या डोळ्यांत वाळू आहे. असं असेल तर आम्ही आत्ता दुसरीकडे जातो, आणि साईटवर लिहिणार मात्र नक्की."

ती चुकीचं काहीच बोलत नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र रिकाम्या खोल्या आणि दुसऱ्याची जाळी ओढणारा नवरा उभा राहिला. मी तिला म्हटलं, "दोन मिनिटं थांबा." मागच्या दाराने गेले आणि बटण दाबलं. पंधरा मिनिटं, जास्त नाही, असं स्वतःला सांगितलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, ते मला त्या दुपारी कळलं. मोटरचा आवाज रोजचाच, पण त्या दिवशी वाटलं मालवणच्या बाजारापर्यंत ऐकू जातोय. झावळ पडली तरी दचकत होते. पंधरा मिनिटं झाली, टाकी अर्धीच होती. आणखी थोडं. मग आणखी थोडं. तास झाला असेल. बटणावर हात ठेवून मागे वळले, तर काकी त्यांच्या मागच्या दारात उभ्या, कंबरेवर रिकामी कळशी.

मी मोटर बंद करेपर्यंत त्या बघत राहिल्या आणि रिकामी कळशी घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. पण बाव गेली होती. पाण्याने तोंडसुद्धा धुववत नव्हतं. पाहुणे आठ दिवस राहिले, हसत गेले आणि साईटवर पाच तारे देऊन लिहून गेले, "पाणी भरपूर." ते वाचून मी फोन भिंतीवर फेकायचीच बाकी होते.

आठवड्याने काकींची लेक त्यांना न्यायला आली. टँकरचं पाणी त्यांच्या पोटाला मानवत नव्हतं. रिक्षात बसण्याआधी काकींनी घराची चावी माझ्या हातात ठेवली. "माजा घर पण भाड्यान दी. तुजी पाचवी खोली." आवाजात राग असता तर मी सोसला असता. तो नव्हताच. घरात येऊन मी भिंतीला टेकून मोठ्याने रडले.

मोटर काढली. पुढच्या उन्हाळ्यात चारांपैकी दोनच खोल्या दिल्या, त्याही टँकरवर. कमाई निम्म्यावर आली, पण चूल पेटती राहिली. रोज सकाळी मी बावीचं पाणी चाखायचे आणि थुंकायचे. एक पावसाळा गेला तरी खारटच. काकींच्या घराबद्दल पाहुणे विचारायचे, "ते बंद घर देता का?" मी नाही म्हणायचे. दुसऱ्या दिवाळीत मात्र एका ग्रुपला हो म्हणून बसले. काकींनीच सांगितलं होतं ना, अशी मनाची समजूत घातली. ते शुक्रवारी येणार होते.

बुधवारी सकाळी पाणी चाखलं आणि थुंकायचं राहूनच गेलं. पुन्हा चाखलं. नवऱ्याला हाक मारली. त्याने ओंजळभर पिऊन डोळे मिटले. मी बाटली भरली आणि तशीच कुडाळची एसटी पकडली.

काकींनी घोट बराच वेळ तोंडात धरला. मग विचारलं, "आता रात्री निजता मां ती?"

"निजता, काकीनू."

"मगे माजी चावी दी."

खोटं कशाला सांगू, पहिलं मनात आलं ते शुक्रवारचं बुकिंग. माणूस सुधारतो म्हणतात, तो असा थोडा थोडाच सुधारतो. चावी पर्समध्येच होती, नेहमीच असायची. ती त्यांच्या हातात दिली आणि लेकीच्या पडवीत जाऊन त्या ग्रुपला फोन लावला. त्यांनी मला नको नको ते ऐकवलं. मी, जी कुणाचं एक ऐकून घेत नाही, सगळं ऐकून घेतलं.

शनिवारी सकाळी काकी पेजेची वाटी घेऊन चुलीपाशी आल्या.

"मीठ घालूक नाय हां," म्हणाल्या.

पेज अळणी होती. मी उभ्या उभ्या सगळी प्यायले, मीठ मागितलं नाही.