काकूंना सोडायला गेले होते

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बहिणीला दर पंधरवड्याला पत्र जातं, त्यातही नाही. एरवी माझं सगळं कागदावर असतं – फ्रिजवर वाणसामानाची यादी, पर्समध्ये कामांची, आणि इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला कोण काय करून आणणार त्याची वहीसुद्धा माझ्याकडेच. ही एक गोष्ट मात्र कुठेच उतरवली नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे, आणि बघा, अजून वह्यांबद्दलच बोलते आहे.

सात वर्षं झाली. एक्याऐंशी साली मी कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. चाळिशी उलटली होती, दोन्ही मुलं हायस्कूलमध्ये. नागपूरची माझी बी.ए. इथे कोणी धरेना. डेटा प्रोसेसिंगचा दोन वर्षांचा कोर्स होता, घरापासून वीस मिनिटांवर, आणि पुढे नोकरी मिळण्यासारखी होती. निर्णय चोख होता. आजही तोच घेईन.

पण पिस्कॅटवे या अमेरिकन गावात आमच्या ओळखीचे सगळे डॉक्टर, नाहीतर पीएच.डी. झालेले. त्यांच्या लेखी कॉलेज म्हणजे इथलं मोठं विद्यापीठ. कम्युनिटी कॉलेज म्हणजे – ज्यांना दुसरीकडे कुठे घेत नाहीत त्यांचं. एका बारशात कोणीतरी विचारलं, तेव्हा मी विद्यापीठाचं नाव घेतलं. मास्टर्स करतेय म्हटलं. इतकं सहज निघालं तोंडातून! परतताना नवरा गाडीत म्हणाला, मला विचारलं तर मी फक्त 'कॉलेजला जाते' एवढंच म्हणेन, बाकीचं तू बघ. मी बघितलं. त्या पहिल्या सेमिस्टरला हे खोटं सांभाळायला मला जेवढं डोकं लागलं, तेवढं प्रोग्रॅमिंगलाही लागलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात कॅफेटेरियाच्या रांगेत ट्रे घेऊन उभी होते, तर काउंटरपलीकडून हळूच मराठी आलं, "ते बीन्स नको घेऊस, त्यात डुक्कर आहे."

केसांना जाळी, हातात प्लॅस्टिकचे मोजे – इंदूकाकू! आमच्या मंडळाचा अध्यक्ष शरद, हृदयाचा डॉक्टर, त्याची आई. काका गेल्यावर नाशिकहून मुलाकडे राहायला आलेल्या. आठवड्यातून तीन दिवस त्या इथे कामाला होत्या, आणि घरी सांगितलं होतं की वाचनालयात इंग्रजीचा वर्ग असतो. मी विचारलं, काकू, तुम्हाला काय गरज? त्या म्हणाल्या, "घरी मी भाजी चिरायला घेतली की मीना म्हणते, राहू द्या आई. इथे मला कोणी राहू द्या म्हणत नाही गं."

मीना म्हणजे त्यांची सून. वाईट नाही ती. सासूला आराम मिळावा असंच तिला वाटायचं.

माझं त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या की आपण दोघी एकमेकींना दिसलोच नाही. मग दर वेळी माझ्यासाठी दही बाजूला काढून ठेवायच्या. पहिल्या परीक्षेत मला शंभरात चोपन्न मिळाले. वर्गात सगळी माझ्या मुलांच्या वयाची पोरं, मी बाथरूममध्ये रडून आले होते. काकूंनी डोळे बघितले आणि म्हणाल्या, "शरद गणितात नापास झाला होता, सातवीत. कुणाला सांगू नकोस, अध्यक्ष आहे तो." त्या सेमिस्टरला मला हसवणारं दुसरं कोणीच नव्हतं.

आता ते सांगायला हवं.

नोव्हेंबरात मंडळाची दिवाळी झाली, शाळेच्या हॉलमध्ये. मी जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन उभी. मीना पुऱ्या वाढत होती. कुमुद, जिच्या नजरेतून काही सुटत नाही, ताट पुढे करत म्हणाली, "अगं, मंगळवारी त्या कम्युनिटी कॉलेजच्या पार्किंगमध्ये तुझीच गाडी ना? मागचा पोचा ओळखला मी. तुझं मास्टर्स तिकडे हलवलं की काय?"

बायका हसल्या. मीनाही हसली.

काय काय सांगता आलं असतं मला? मुलासाठी चौकशी करायला गेले होते. गाडी मैत्रिणीला दिली होती. किंवा खरं – मी तिथेच शिकते, काय म्हणणं आहे? त्याने काय बिघडलं असतं? चार दिवस बोलल्या असत्या, पाचव्या दिवशी दुसरं कोणी सापडलं असतं.

मी म्हटलं, "इंदूकाकूंना सोडायला गेले होते. त्या तिथे कॅफेटेरियात कामाला आहेत ना."

घाईत निघून गेलं, असं म्हणू? नाही. नाव घेण्याआधी मीना कुठे उभी आहे ते मला दिसत होतं. काकू कुठे आहेत तेही. दोन पावलांवर, हातात कागदी ताटली. मला दिसत होतं, आणि तरी मी म्हटलं.

मीनाचा हात पुऱ्यांवर थांबला. ती एवढंच म्हणाली, "आई?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. एका वाक्यात त्या मला उघडी पाडू शकत होत्या. त्या सुनेकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हो. ही सोडते मला. फार जपते."

सोमवारी काउंटरवर दुसरी बाई होती. त्या आठवड्यातच मीनाचा फोन आला. तिने माझे आभार मानले. बाहेरच्या कुणाकडून कळलं असतं तर शरदला तोंड दाखवायला जागा उरली नसती, म्हणाली. मग म्हणाली, आईंना नाशिकला वन्संकडे पाठवतोय, सामानाची यादी सांगतेस का? भारतात जाणारं कोणीही यादी मलाच विचारतं. मी सांगितली. औषधं हातातल्या पिशवीत, शाल वर, पासपोर्टची एक प्रत वेगळी. एक वस्तू विसरले नाही.

निरोप द्यायला गेले नाही. फायनल होती – नाही, फायनल आदल्या दिवशीच संपली होती. सगळ्या विषयांत ए मिळाला.

गेल्या महिन्यात काकू नाशिकला वारल्या. शरदच्या घरी सगळे जमलो होतो. मीना रडत होती. मला म्हणाली, तू बोल, तू त्यांना सोडायचीस. मी उठले. म्हटलं, हो, मी काकूंना गाडीतून नेत असे, वाटेत त्या खूप बोलायच्या. काय बोलायच्या तेही सांगितलं. लोकांनी डोळे पुसले.

काकू बसने येत. त्यांचा थांबा माझ्या वाटेवर होता. थंडी सुरू झाल्यावर त्या डोक्याला मफलर गुंडाळून उभ्या असायच्या. मला दिसायच्या. शेजारच्या सीटवर त्यांना कोणी बघेल म्हणून मी गाडी तशीच पुढे नेत असे. पूर्ण सेमिस्टरमध्ये मी त्यांना एकदाही गाडीत घेतलं नाही.

मी खाली बसले तेव्हा मीनाने माझा हात हातात घेतला. शरद म्हणाला, आईला इथे एक तरी आपलं माणूस मिळालं. मी मान डोलावली.